ड्रायक्लीनिंगमध्ये कपड्याचं नेमकं काय होतं, आणि ते कोणत्या कपड्याला खरंच लागतं

प्रश्न दोन आहेत आणि ते एकमेकांत गुंतलेले आहेत. ड्रायक्लीनिंगला दिलेल्या कपड्याचं तिथे काय करतात? आणि लेबलवर ‘ड्रायक्लीन’ लिहिलेला प्रत्येक कपडा तिथे द्यायलाच हवा का? मी बरीच वर्षं हेच काम करते, यंत्रावरही आणि डाग काढायच्या टेबलावरही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते: नाही, प्रत्येक कपड्याला ते लागत नाही. मात्र ज्याला लागतं त्याच्यावर घरी प्रयोग करून भागत नाही. कुठला कपडा कुठल्या गटातला हे त्याच्या किमतीवरून ठरवू नका. धागा कोणता आहे, कपडा शिवलाय कसा आणि मळ कशाचा आहे, एवढं पाहिलं की निर्णय बहुतेक वेळा आपोआप होतो.

आधी यंत्राच्या आत डोकावू. कपडा तिथे पूर्ण भिजतो, फक्त पाण्याऐवजी सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे तेलकट पदार्थ विरघळवणाऱ्या द्रवात. यंत्राला पुढून दार असतं, आत फिरणारा ड्रम असतो आणि खाली सॉल्व्हंटच्या टाक्या असतात. सॉल्व्हंट ड्रममध्ये येतो, कपड्यांतून फिरतो, जाळीतून आणि फिल्टरमधून गाळला जाऊन पुन्हा ड्रममध्ये येतो. जाळीत बटणं, टाचण्या, नाणी अडकतात. सॉल्व्हंट फारसा गरम करत नाहीत, साधारण तिशी अंशांच्या आतच ठेवतात. धुणं दहा-पंधरा मिनिटांचंच असतं. मग ड्रम जोरात फिरवून सॉल्व्हंट पिळून काढला जातो आणि त्याच ड्रममध्ये कोमट हवा फिरवून कपडा वाळवला जातो. त्या हवेतली सॉल्व्हंटची वाफ थंड नळ्यांवर पुन्हा द्रव होते आणि टाकीत परत जाते. आधुनिक यंत्रात कपडा कोरडा आत जातो आणि कोरडाच बाहेर येतो, मधे दार उघडतच नाही. सगळा फेरा तासाभराच्या आसपास होतो.

वापरलेला सॉल्व्हंट फेकून देत नाहीत, उकळून त्याची वाफ करतात आणि ती थंड करून शुद्ध सॉल्व्हंट परत मिळवतात. तेल, मळ, सुटलेला रंग भांड्याच्या तळाशी राहतो. चांगला आणि हलगर्जी ड्रायक्लीनर यांतला मोठा फरक इथे असतो. शुद्धीकरणात कुचराई केली की आधीच्या कपड्यांचा मळ पुढच्या कपड्यांवर बसतो. पांढरा किंवा फिका कपडा घेऊन आलात आणि तो एकसारखा राखाडी वाटला, किंवा त्याला तेलकट वास आला, तर सॉल्व्हंट मळलेला होता असं खुशाल समजा.

सॉल्व्हंट अनेक प्रकारचे असतात. सर्वांत जास्त नाव झालं ते परक्लोरोएथिलीनचं. धंद्यात सगळे त्याला ‘पर्क’ म्हणतात. तो १२१ अंश सेल्सिअसला उकळतो, पाण्याच्या सुमारे १.६ पट जड असतो, पेट घेत नाही आणि चिकट तेलावर जबरदस्त चालतो. दुसरा गट खनिज तेलापासून काढलेल्या हायड्रोकार्बन सॉल्व्हंटचा. ते कपड्याला सौम्य असतात, पण काम सावकाश करतात आणि पेटू शकतात. शिवाय ते १५० अंशांच्या वर उकळत असल्यामुळे त्यांचं शुद्धीकरण निर्वातात, कमी तापमानाला करावं लागतं. सिलिकॉनवर आधारलेले सॉल्व्हंट आणि दाबाखाली द्रवरूप केलेला कार्बन डायऑक्साइडही वापरतात, पण तशी यंत्रं कमी ठिकाणी आढळतात.

हा धंदा आगीच्या भीतीतूनच पुढे सरकत आला. थॉमस जेनिंग्ज या न्यूयॉर्कच्या शिंप्याला १८२१ मध्ये कपडे ‘कोरडे’ स्वच्छ करण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. अमेरिकेत पेटंट मिळवणारा तो पहिला ज्ञात कृष्णवर्णीय. पुढे टर्पेंटाइन, बेंझिन, पेट्रोल असे भराभर पेट घेणारे द्रव वापरात आले आणि कारखान्यांना आगी लागत राहिल्या. १९२० च्या दशकात अमेरिकेत असा सॉल्व्हंट आला, ज्याची वाफ साधारण ३८ अंशांच्या खाली ठिणगीने पेटत नाही. १९३० च्या दशकापासून न पेटणारा पर्क पसरला. तो आगीपासून सुरक्षित होता, माणसासाठी मात्र तितका नव्हता. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवलं आहे. पाण्यापेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीत सांडला की झिरपत भूजलापर्यंत पोचतो आणि काढता काढता निघत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये ड्रायक्लीनिंगमधला त्याचा वापर दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा नियम केला. मला हे योग्यच वाटतं. यातला खरा धोका आठ-आठ तास यंत्राजवळ उभं राहणाऱ्या माणसाला असतो, महिन्यातून एक कोट देणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या मानाने फारच कमी.

आता, पाणी टाळायचं कशासाठी? कारण पाणी धाग्याच्या आत शिरतं. लोकर, रेशीम, व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला रेयॉन), सुती हे सगळे धागे पाणी पिऊन फुगतात. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि घासणं एकत्र आलं की हे खवले एकमेकांत रुततात, कापड आटतं आणि जाड, घट्ट होतं. ते पुन्हा पहिल्यासारखं करता येत नाही. व्हिस्कोस ओला असताना फार कमजोर होतो, त्याची ताकद निम्म्यापर्यंत उतरू शकते. म्हणून पिळताना तो फाटतो किंवा वेडावाकडा ताणला जातो. क्रेपच्या धाग्याला खूप पीळ दिलेला असतो. पाणी लागलं की तो पीळ आवळतो आणि कपडा बघता बघता आखूड होतो. सॉल्व्हंट तंतूला फुगवत नाही. तो धाग्यांमधून फिरतो, तेल आणि तेलात धरून बसलेली धूळ सोडवतो आणि निघून जातो. घडी, चुण्या, कापडाची पडण, सगळं जागच्या जागी राहतं.

शिवणीचा मुद्दा मला धाग्याइतकाच महत्त्वाचा वाटतो आणि लोक नेमका तोच विसरतात. चांगला शिवलेला कोट हा एका कापडाचा कपडा नसतो. वर लोकर, आत कॅनव्हास किंवा गोंदाने चिकटवलेलं बकरम, खांद्यात पॅड, त्याखाली व्हिस्कोसचं किंवा पॉलिएस्टरचं अस्तर. पाण्यात यातला प्रत्येक थर आपापल्या हिशेबाने आटतो. कोटाची लोकर वाचली तरी अस्तर आखूड होऊन खालची कड आत वळते, शिवणी ओढल्या जातात आणि छातीवर बकरम सुटून फुगे येतात. हे फुगे इस्त्रीने बसत नाहीत. म्हणून माझा नियम सोपा आहे: आत आधार देणारे थर असलेला, अंगाला बेतून शिवलेला कपडा ड्रायक्लीनिंगला द्या, मग त्याचं वरचं कापड कुठलंही असो. याउलट, एकपदरी, बिनअस्तराचा पॉलिएस्टर, नायलॉन किंवा सुती कपडा फक्त महाग आहे म्हणून देऊ नका. तो पाण्यात जास्त स्वच्छ होतो.

जास्त स्वच्छ का, हे समजलं तर तुमचे पैसेही वाचतील आणि कपडेही. मळ ढोबळमानाने दोन जातींचा असतो. अंगाचं तेल, क्रीम, लिपस्टिक, ग्रीस, मेण हे सॉल्व्हंटमध्ये विरघळतं. घामातलं मीठ, साखर, चहा-कॉफी, रक्त, दूध हे पाण्यात सुटतं. नुसत्या सॉल्व्हंटला ते दाद देत नाही. म्हणून ड्रायक्लीनर सॉल्व्हंटमध्ये खास डिटर्जंट आणि अगदी थोडं पाणी मिसळतो. ते कमी पडलं तर घाम तसाच राहतो, जास्त झालं तर लोकर आटते. हे प्रमाण सांभाळणं हीच यंत्रावरची खरी कारागिरी आहे. तरीही घामाने भिजलेला कपडा नुसता यंत्रातून काढून ताजा होत नाही. काखेच्या भागावर आधी हाताने काम करावंच लागतं.

तेच काम डागांच्या टेबलावर होतं. टेबलाच्या निमुळत्या टोकाला जाळी असते, जाळीखालून हवा ओढली जाते, वर वाफेची पिचकारी असते आणि हातात बोथट कडेची पट्टी. पहिलं काम म्हणजे डाग वाचणं. तेलाचा डाग उभ्या-आडव्या धाग्यांवरून पसरतो, त्यामुळे बारकाईने पाहिलं तर तो अधिक चिन्हासारखा दिसतो आणि त्याची कड पुसट असते. साखरेच्या डागाची कड स्पष्ट असते; त्यावर नख फिरवलं की पांढरट रेघ उठते. रक्त, दूध, अंडं यांचे डाग कडक लागतात. ओळख पटली की औषध ठरतं: चहा-कॉफीसारख्या वनस्पतीजन्य डागाला सौम्य आम्ल, रक्त-दुधाला सौम्य अल्कली किंवा एन्झाइम, रंगाला आणि ग्रीसला वेगळा सॉल्व्हंट. पट्टीने घासायचं नसतं, थोपटायचं असतं. ओल्या रेशमावर एकदा घासलं की धाग्याची साल निघते आणि तिथे कायमचा पांढरट पट्टा राहतो.

फिक्या लोकरीचा एक कोट माझ्याकडे आला होता. देणाऱ्या बाईंनी सांगितलं, “डाग एकही नाही, फक्त ताजा करून द्या.” सरळ उजेडात खरंच काही दिसेना. बाही खिडकीकडे तिरपी धरली, तेव्हा कफच्या वर पाच-सहा थेंबांच्या किंचित चमकदार कडा दिसल्या. विचारल्यावर बाईंना आठवलं, महिन्यापूर्वी एका समारंभात कुणाचं तरी गोड पेय उडालं होतं. लगेच वाळलं म्हणून त्यांनी सोडून दिलं. तो कोट तसाच यंत्रात गेला असता तर सॉल्व्हंटने साखरेला हातही लावला नसता आणि वाळवणीच्या गरम हवेने तिथे तपकिरी ठिपके उमटले असते. साखर उष्णतेने करपते, शिवाय नुसती हवा लागूनही महिन्यांनी पिवळी पडते. “ड्रायक्लीनरने नवे डाग पाडले” अशा तक्रारींमागे पुष्कळदा हेच अदृश्य डाग असतात. आम्ही त्या थेंबांवर आधी वाफ आणि पाणी वापरलं, सुकवलं, मग कोट यंत्रात घातला. ठिपके आले नाहीत.

म्हणून कपडा देताना काय सांडलं, कधी सांडलं आणि घरी त्यावर काय लावून पाहिलं, हे स्पष्ट सांगा. लाजू नका, या टेबलावर सगळं येऊन गेलेलं असतं. न सांगितलेला डाग सापडायला वेळ लागतो आणि चुकीच्या औषधाने तो पक्काही होतो. खिसेही तपासा. विसरलेलं एक बॉलपेन सॉल्व्हंटमध्ये फुटलं तर शाई ड्रममधल्या सगळ्या कपड्यांवर जाते.

लेबलाकडे वळते. ड्रायक्लीनिंगची खूण म्हणजे वर्तुळ. आत ‘पी’ अक्षर असेल तर पर्क चालतो, ‘एफ’ असेल तर फक्त हायड्रोकार्बनसारखे सौम्य सॉल्व्हंट. खाली आडवी रेघ असेल तर फेरा हलका हवा, दोन रेघा असतील तर आणखी हलका. वर्तुळावर फुली म्हणजे ड्रायक्लीनिंग अजिबात नको. वर्तुळात ‘डब्ल्यू’ म्हणजे व्यावसायिक वेट क्लीनिंग: पाण्यातच, पण तापमान, ड्रमची हालचाल आणि ओलावा काटेकोरपणे सांभाळणाऱ्या यंत्रात. ही पद्धत १९९० च्या दशकात रुजली. प्रशिक्षित माणूस आणि नंतरच्या फिनिशिंगची, म्हणजे वाफ-इस्त्रीने कपडा पुन्हा आकारात आणण्याची, सोय असेल तर लोकरीचे अनेक कपडेही ती नीट हाताळते, आणि घामाच्या कपड्यांसाठी मी ती ड्रायक्लीनिंगपेक्षा पसंत करते.

‘ड्रायक्लीन’ आणि ‘फक्त ड्रायक्लीन’ यांतही अंतर आहे. अमेरिकेच्या नियमानुसार उत्पादकाने एक सुरक्षित पद्धत लेबलावर दिली की पुरतं. इतर सगळ्या सुरक्षित पद्धती सांगायचं बंधन त्याच्यावर नसतं. त्यामुळे नुसतं ‘ड्रायक्लीन’ लिहिलं असेल तर धुणं चालणारच नाही असा अर्थ होत नाही. ‘फक्त’ लिहिलं असेल तर मात्र ते पाळा.

घरी धुवायचं ठरवलंत तर आतल्या शिवणीवर ओलं पांढरं फडकं दाबून धरा. रंग फडक्यावर आला तर विषय तिथेच संपला. नाही आला आणि कपडा एकपदरी लोकरीचा किंवा साध्या रेशमाचा असेल, तर थंड पाणी, लोकरीसाठीचं सौम्य लिक्विड, काही मिनिटं हलकं दाबणं, त्याच तापमानाच्या पाण्यात खळबळणं एवढं पुरे. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवा पसरून वाळवा. ओली लोकर टांगली की स्वतःच्या वजनाने लांबते. मखमल, क्रेप, शिफॉन, धातूच्या तारेचं भरतकाम, चुण्या घातलेले कपडे, बेतून शिवलेले कोट यांना हे लागू नाही.

घरगुती ‘ड्रायक्लीनिंग किट’ मिळतात. त्यांत ओलसर सुगंधी कापड आणि पिशवी असते. कपडा त्या पिशवीत घालून कपडे वाळवायच्या ड्रायरमध्ये फिरवला की उष्णतेने वाफ होऊन वास जातो, सुरकुत्या सैल पडतात. कपडा ताजा वाटतो, मळ मात्र बहुतेक आतच राहतो. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते: पेट्रोल, थिनर किंवा स्पिरिटच्या बादलीत कपडा बुडवून घरी ड्रायक्लीनिंग करू नका. लोकर किंवा रेशीम अशा द्रवात चोळताना स्थिर वीज तयार होते आणि एक ठिणगी पुरते. यात माणसं भाजून मेली आहेत.

काही कपडे ड्रायक्लीनिंगलाही देऊ नयेत. पीव्हीसीचा थर असलेलं जाकीट पर्कमध्ये कडक होऊन तडकतं, कारण प्लास्टिकला मऊ ठेवणारा घटक निघून जातो. काही टिकल्या आणि बटणं सॉल्व्हंटमध्ये विरघळतात किंवा सुरळी होतात. गोंदाने चिकटवलेले मणी गळून पडतात. रबराचे भाग आणि काही छपाया टिकत नाहीत. चामडं आणि फर यांचं काम वेगळं असतं, त्यांतली नैसर्गिक तेलं गेली की कातडं कोरडं पडतं. ते त्यांच्या जाणकाराकडेच द्या. जाणता ड्रायक्लीनर अशा कपड्यावर आतल्या बाजूला एक टिकली किंवा कोपरा तपासून बघतो आणि शंका असेल तर कपडा परत करतो. असा नकार मिळाला तर त्या माणसाकडे पुन्हा जा.

किती वेळा द्यायचं? लोक समजतात त्यापेक्षा कमी वेळा. कोट वापरून झाला की रुंद हँगरला टांगा, रात्रभर हवा लागू द्या, मऊ ब्रशने धूळ झाडा, वाफ द्या. अंगाला थेट न लागणाऱ्या कपड्याला एवढ्याने कितीतरी दिवस भागतं. सुरकुत्या हेच कारण असेल तर फक्त स्टीम प्रेस मागा. दिसणारा डाग, कॉलरवर तेलाची कड, जात नसलेला वास, ही देण्याची कारणं. घामाचा आणि डागांचा कपडा मात्र ताटकळत ठेवू नका. घाम आणि डिओडरंटमधले क्षार रेशमाला काखेत हळूहळू कुजवतात. परफ्यूमही रेशमावर थेट मारू नका, त्यातलं अल्कोहोल रंग हलवतं. सूटची पँट मळली तर जाकीटही सोबत द्या, नाहीतर काही खेपांनी दोघांच्या छटा वेगळ्या पडतात.

कपडा घरी आणल्यावर प्लास्टिकची पिशवी लगेच काढा आणि त्याला मोकळी हवा द्या. पिशवीत ओलावा कोंडतो. सॉल्व्हंटचा उग्र वास येत असेल तर कपडा नीट वाळवलेला नाही. घालू नका, परत देऊन पुन्हा वाळवून मागा. हंगाम संपून लोकर कपाटात जाणार असेल तर ती मळकी ठेवू नका. कसरीच्या अळ्या लोकरीतल्या केराटिन या प्रथिनावर जगतात आणि घाम, अन्नाचे डाग असलेली जागा आधी धरतात. ड्रायक्लीनिंगने आत असलेली अंडी आणि अळ्याही मरतात. त्यानंतर कपडा पूर्ण थंड, कोरडा करून सुती पिशवीत घट्ट बंद ठेवला तर पुढच्या हंगामापर्यंत काळजी नाही.